भांड्यांना कोमट पाणी, तेही स्वस्तात

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. नाशिकची थंडी नाशिकवाल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, इथे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि तिकडे निफाडला, जिथे माझं माहेर आहे, तिथे तर कधीकधी पाच-सहावर येतो, दरवर्षी पेपरात निफाडचा आकडा छापून येतोच. तर आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी सकाळी साडेसातला येतात. त्या दिवशी भांडी झाल्यावर मी त्यांना चहा दिला, तर त्यांनी तो प्यायलाच नाही, कप दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. बोटं लालभडक, पेरांवर भेगा, एका भेगेतून तर रक्त आलेलं. मी म्हटलं मावशी उद्यापासून पाणी तापवून देते, तर म्हणाल्या, "राहू द्या ताई, सवय हाय. आन तुमचं एकच घर हाय का, पाच घरं हायेत."

मला ते दिवसभर टोचत राहिलं. कारण आमच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर आहे, घरातल्या प्रत्येकाला अंघोळीला कढत पाणी मिळतं, आणि ज्या सिंकमध्ये दिवसातला सगळ्यात जास्त वेळ कुणाचे तरी हात पाण्यात असतात तिथे मात्र गार पाण्याचा एकच नळ. धुण्याच्या जागेलाही तेच. बहुतेक घरांत असंच आहे, बघा एकदा. गरम पाणी म्हणजे अंघोळ असंच धरून घरं बांधलीत आणि भांडी, धुणं, ओटा, लादी ही सगळी कामं गार पाण्यावर सोडून दिलीत, कारण ती करणारी बाई बोलत नाही, मग ती कामवाली असो नाहीतर घरातली.

दुसऱ्या दिवसापासून मी गॅसवर पाणी तापवायला लागले. मोठं पातेलं चढवायचं, उकळी आली की बादलीत ओतून गार पाणी मिसळायचं, अशा दोन बादल्या. महिना पुरा व्हायच्या आत आमच्या ह्यांनी विचारलं की सिलिंडर चाळीस दिवस जातो तो या वेळी तिसाव्या दिवशीच कसा संपला. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, मावशींना गरम पाणी द्यायचंच, त्यात वादच नाही, पण यापेक्षा स्वस्त काहीतरी असणार, शोध. म्हणून मग मी वही घेतली, दुधात घालायचा थर्मामीटर घेतला आणि मोजायला बसले.

मोजणं अवघड अजिबात नाही, शाळेतलंच गणित आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे लिटर गुणिले अंश, झालं. आमच्या टाकीतलं पाणी डिसेंबरात सकाळी १६ अंशांचं भरलं, ते ४० पर्यंत न्यायचं तर २४ अंश वाढवायचे, १५ लिटरची बादली धरली तर ३६० किलोकॅलरी. आता विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे ०.४२ युनिट. रॉड लावला तर थोडं उघड्या बादलीतून वाया जातं म्हणून ०.४६ धरा. आमच्या बिलाची पूर्ण रक्कम भागिले युनिट केलं तर साधारण साडेदहा रुपये पडतात (बिलावर छापलेला दर नका धरू, त्यात स्थिर आकार, वहन आकार, शुल्क वगैरे धरलेलं नसतं, सरळ एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा). म्हणजे एक बादली जवळपास पाच रुपयांना पडली.

गॅसचं असं, की एक किलो एलपीजीत साधारण ११,००० किलोकॅलरी असतात पण शेगडीवर त्यातल्या साठेक टक्केच पातेल्यात जातात, बाकी पातेल्याच्या कडेने वर उडून जातात. म्हणजे बादलीला ५५ ग्रॅम गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर मी हा हिशोब केला तेव्हा आमच्याकडे साडेआठशेच्या आसपास होता, म्हणजे किलोला ६० रुपये, म्हणजे बादली सव्वातीन रुपये. झाकण न ठेवता तापवलं, किंवा छोट्या बुडाच्या पातेल्याखाली मोठी ज्योत लावली, तर याहून जास्त. तेव्हा गॅस विजेपेक्षा स्वस्त, निदान आमच्या बिलाच्या दराने. ज्यांचं युनिट शंभरच्या आत राहतं त्यांना वीज कमी दराने मिळते, त्यांचं गणित वेगळं येईल, त्यांनी आपापलं करून बघा.

आता साठवणीच्या गीझरबद्दल. तो वाईट नाही, पण त्याला सिंकपर्यंत पाईप टाकावा म्हणून मी प्लंबरला बोलावलं, आणि अंतर मोजल्यावर कळलं की बारा मीटर पाईप लागणार. अर्ध्या इंची पाईपात बारा मीटरला दोन लिटर पाणी मावतं. म्हणजे नळ सोडला की आधी दोन लिटर गार पाणी वाहून जाणार आणि काम झाल्यावर दोन लिटर कढत पाणी पाईपातच थंड होत बसणार, दिवसातून चार वेळा नळ सोडला की चार वेळा हेच. शिवाय गीझर चालू ठेवून विसरलं तर टाकी नुसती गरम ठेवायलाच दिवसाला अर्धं-पाऊण युनिट जातं. स्टार लेबलवर हा आकडा छापलेला असतो, २४ तासांत नुसतं गरम ठेवायला किती वीज जाते तो, विकत घेताना तो बघायचा. मी प्लंबरला परत पाठवलं.

गॅस गीझर सगळ्यात कमी गॅसमध्ये पाणी तापवतो, बादलीला ४५ ग्रॅमच्या आसपास. पण तो मी घरात येऊ देणार नाही. बंद बाथरूममध्ये तो जळताना कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही, हिवाळ्यात अशा बातम्या येतात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा, प्लीज. रॉडबद्दलही सांगते. माझ्या चुलतसासूबाईंनी बटण चालू ठेवून पाणी तापलं का ते बोट घालून बघितलं, शॉक बसून त्या मागे फेकल्या गेल्या, दैव बलवत्तर म्हणून वाचल्या. रॉड लावायचाच असेल तर प्लास्टिकची बादली, आधी पाण्यात रॉड आणि मग बटण, आणि हात घालायच्या आधी बटण बंद करून पिनसुद्धा काढायची. घरात लहान मूल असेल तर रॉड नकोच.

हे सगळं वहीत लिहून झालं आणि संक्रांतीला मी माहेरी गेले. माझ्या डोक्यात खरा उजेड तिकडे पडला.

आमच्या माहेरी अजून तांब्याचा बंब आहे. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून कढत पाणी येतं. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली की काड्यांचे भारे बांधून गोठ्याच्या मागे रचून ठेवतात, वर्षभर तेच बंबाचं आणि चुलीचं जळण, विकत एक काडी आणावी लागत नाही. आजी असताना चुलीच्या वैलावर कायम पाण्याचं पातेलं असायचं, पुढे भाकरी चालायची आणि मागे उरलेल्या धगीवर भांड्यांचं पाणी आपोआप तापायचं, वेगळं जळण नाही. पण चुलीच्या धुरात माझ्या आजीचे डोळे आणि छाती दोन्ही गेली, म्हणून काड्या फुकट असल्या तरी मी त्याला स्वस्त म्हणणार नाही.

तर त्या पहाटे मी उठले तेव्हा दादा बागेत मोटार सुरू करून आला होता. कडाक्याच्या थंडीत द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ड्रिप चालू करतात, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतं, मुळांना आणि बागेला तेवढीच ऊब. हे मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्या दिवशी मी पाईपाखाली हात धरला आणि पाणी चक्क कोमट लागलं. मग थर्मामीटर लावला तर २५ अंश! हवा सातवर होती. जमिनीखालचं पाणी थंडीत गार होत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही, वर्षभर जवळपास तसंच राहतं. आणि आम्ही नाशकात काय करत होतो, तर बोअरची मोटार रात्री नऊला लावून टाकी भरायचो, ते २५ अंशांचं पाणी रात्रभर गच्चीवर गारठून सकाळी १६ वर यायचं, आणि मग तेच नऊ अंश आम्ही गॅस जाळून परत चढवायचो.

घरी आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती ही, की रात्री मोटार लावणं बंद. आता संध्याकाळी टाकी जवळजवळ रिकामी होऊ देतो आणि सकाळी पावणेसातला मोटार लावतो. साडेसातला मावशी येतात तेव्हा सिंकच्या नळाला २३ अंशांचं पाणी असतं. एक पैसा खर्च नाही. मावशींना मी काही सांगितलं नव्हतं, तर नळाखाली हात धरून त्याच म्हणाल्या, "आज पानी गार न्हाई." ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी हे उद्याच करून बघा. ज्यांना फक्त गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी येतं त्यांना एवढा फरक मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, पाणी किती तापवायचं. मी दोन अख्ख्या बादल्या ४० अंशांवर नेत होते, ते चुकत होतं. भांड्यांवरचं तूप-तेल सुटायला कोमट पाणी लागतं, तूप पस्तीसच्या आसपास पातळ व्हायला लागतं, म्हणून साबणाचं पाणी ४० अंशांचं हवं हे खरं, पण ते सात-आठ लिटर पुरतं. एका टबात साबणाचं कोमट पाणी, त्यात भांडी बुडवून ठेवायची आणि घासायची, आणि धुवून काढायला २३ अंशांचं नळाचं. ४० च्या वर नेऊ पण नका, जास्त कढत पाणी आणि साबण मिळून हाताचं उरलंसुरलं तेल काढून घेतात आणि भेगा वाढतात. म्हणजे आता ८ लिटर गुणिले १७ अंश, १३६ किलोकॅलरी, २१ ग्रॅम गॅस, सव्वा रुपया. आधी दिवसाला साडेसहा रुपये जात होते. नवीन काही आणलं नाही, बसवलं नाही.

कुकरच्या तळाचं पाणी पण टाकू नका. आपण डबे लावून कुकर करतो तेव्हा खाली अर्धा-पाऊण लिटर पाणी उरतंच आणि ते ऐंशी-पंच्याऐंशीला असतं. त्यात दुप्पट नळाचं पाणी मिसळलं की दोन लिटर चांगलं कोमट पाणी तयार, दुपारच्या भांड्यांचा तुपकट भाग त्यात निघतो. आजीच्या वैलाचंच हे दुसरं रूप म्हणा.

आणि मग ऊन. गावाकडे अंगणात घंगाळ भरून उन्हात ठेवायचे आणि दुपारी लहान पोरांना त्याच पाण्याने अंघोळ घालायचे, हे बहुतेकांनी पाहिलं असेल. तेच मी जरा मोठ्या प्रमाणात केलं. दादाकडे ड्रिपच्या १६ एमएमच्या लॅटरलचं अर्धवट उरलेलं बंडल पडलं होतं, ड्रिपर न टोचलेली साधी काळी नळी, ती शंभर मीटर कापून आणली. शंभर मीटर नळीत पंधरा लिटर पाणी मावतं, बरोब्बर एक बादली. गच्चीवर जिथे दिवसभर सावली येत नाही तिथे चकलीसारखी गोल गोल पसरली, वाऱ्याने हलू नये म्हणून विटा ठेवल्या, एक टोक टाकीच्या खालच्या आउटलेटला जोडलं, दुसरं टोक खाली धुण्याच्या जागेत आणून त्याला छोटा कॉक बसवला. नळी बारीक असल्यामुळे धार बारीक येते, बादली भरायला पाच-सहा मिनिटं जातात, त्याला इलाज नाही.

जानेवारीत दुपारी एक वाजता पहिल्यांदा कॉक सोडला तर ४४ अंश! ती बादली काढून घेतली, नळी परत भरली, साडेतीनला पुन्हा काढली तर ४२. म्हणजे दोन बादल्या कोमट पाणी, गॅस शून्य, वीज शून्य. एके दिवशी मात्र मी पाणी संध्याकाळी लागेल तेव्हा काढू म्हणून तसंच ठेवलं आणि साडेपाचला बघितलं तर पार गार. नळी जशी भरभर तापते तशीच भरभर निवते, तिला पांघरूण नाही ना. म्हणून साडेतीनच्या आत पाणी काढून घ्यायचंच.

पण मावशी येतात सकाळी आणि पाणी तापतं दुपारी, याचं काय? मी आधी त्यांना विचारलं की दुपारी येता येईल का, तर नाही, दुपारी त्यांची दुसरी दोन घरं असतात, आणि माझ्या पाण्यासाठी त्यांनी त्यांचा दिवस मोडावा हे मला पटणारं नव्हतं. मग आठवलं की लग्नाकार्यात थंड पाण्याचे ते वीस लिटरचे कॅम्पर असतात. जे गार पाणी गार ठेवतं ते गरम पाणी गरम पण ठेवणारच. आमच्याकडे एक होता, त्यात दुपारचं पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं, वरून जुनी गोधडी गुंडाळली. रात्री साडेआठला ४०, आणि सकाळी साडेसहाला ३३ अंश. ३३ म्हणजे हाताला छान ऊबदार लागतं, आणि तूप फारच असेल तेव्हा तेवढं एक पातेलं वेगळं घेऊन थोडं तापवते. ढगाळ दिवस आला की परत सव्वा रुपयाचा गॅस, असे दिवस जानेवारी-फेब्रुवारीत मला पाच-सहाच मोजता आले.

धुण्याचं मशीन पण आता आम्ही सकाळी न लावता दुपारी लावतो, नळीतली बादली आधी मशीनमध्ये ओततो. कपडे स्वच्छ निघतात आणि साबण कमी लागतो असं आईंचं म्हणजे सासूबाईंचं मत आहे, मला कॉलर-बाह्यांमध्ये फरक दिसला. रक्ताचे, दुधाचे डाग असतील तर मात्र गार पाणीच, कोमट पाण्याने ते पक्के बसतात.

करणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. टाकीकडचा कॉक कधीच बंद करायचा नाही, पाणी तापलं की फुगतं, त्याला एका बाजूने वाट हवी, नाहीतर जोड सुटतात. हे पाणी प्यायला, स्वयंपाकाला अजिबात वापरायचं नाही, प्लास्टिकमध्ये तापलेलं पाणी आहे ते. आणि एप्रिल-मेमध्ये पहिली धार हात भाजेल इतकी कढत येते, म्हणून आधी बादलीत गार पाणी घ्यायचं, पोरांना कॉकला हात लावू द्यायचा नाही. उन्हाळ्यात खरं तर ही नळी लागतच नाही, मी ती होळीनंतर गुंडाळून जिन्याखाली ठेवते, नाहीतर उन्हाने नळी तडकते.

सोलर हीटर का नाही बसवला असं बरेच जण विचारतात. छतावर जागा आणि हातात वीसेक हजार असतील तर जरूर बसवा, अंघोळीसकट सगळं त्यात भागतं, १०० लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला चार युनिटं लागतात ती रोज वाचतात. पण बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांमध्ये क्षार साचतात, दरवर्षी साफ करावं लागतं, आणि पाईप लांब असेल तर सुरुवातीला येणारं गार पाणी बादलीत धरायला विसरू नका, ते लादीला होतं. आमच्याकडे यंदा ते बजेट नव्हतं, पुढच्या वर्षी बघू. पण मावशींचे हात पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हते.

भेगा आता भरल्यात. त्या रात्री खोबरेल तेल लावतात ते पण कारण आहेच, पण त्या स्वतः पाण्याला श्रेय देतात. आता त्या आमचं घर पहिलं घेतात, म्हणतात इथं हात मोकळे झाले की पुढची घरं सोपी जातात. बाकीच्या चार घरांपैकी दोन घरांत मी स्वतः जाऊन मोटारीच्या वेळेचं सांगून आले, एका घराने बदलली.

मावशींचं स्वतःचं घर पत्र्याचं, बोअर नाही, टाकी नाही, नळाला पाणी येतं तेव्हा भरून ठेवायचं. तिथे नळीचा उपयोग नव्हता. त्यांचे मिस्टर बांधकामावर असतात, त्यांच्याकडचं एक लोखंडी घमेलं घेतलं, आतून-बाहेरून काळा रंग दिला, वाळल्यावर चांगलं धुतलं, त्यात दहा लिटर पाणी आणि वर एक काच. सकाळी कामाला निघताना पत्र्यावर ठेवून जातात. दुपारी दोनला त्यांनी माझा थर्मामीटर नेऊन मोजलं, ३७ भरलं. परवा सांगत होत्या की मुलीने शाळेतून आल्यावर त्या पाण्याने डोकं धुतलं, हिवाळ्यात पहिल्यांदाच, रॉकेल नाही की जळण नाही. त्यांना आता दुसऱ्या घमेल्याला काच हवी आहे. आमच्या जुन्या खिडकीची एक मोठी काच गच्चीत पडून आहे, रविवारी ती मापाने कापून आणायचीय.